दहाव्या मिनिटाला सुटणारा टॉक

पत्रात काय होतं, ते थोडक्यात: पत्र लिहिणारी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, जिल्ह्याच्या कॉलेजात बीएस्सी, विद्यापीठात एमएस्सी, मग नेट-जेआरएफ. आता एका मोठ्या संस्थेच्या गणित विभागात पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय कम्युटेटिव्ह अल्जेब्रा, म्हणजे बीजगणिताची एक शाखा. विभागात आठवड्याला तीन-तीन टॉक (संशोधनावरची व्याख्यानं) होतात आणि गाइड म्हणतात, "सगळ्यांना बसत जा." ती बसते, पण दहाव्या मिनिटापासून पुढे काही कळत नाही. शेजारचे माना डोलवतात, प्रश्न विचारतात. ही वहीच्या समासात गणपती काढते. इंग्रजीचीही धाकधूक आहे. पहिल्या रांगेत एक सर बसतात, ते बोलणाऱ्याला मध्येच तोडतात. दीड महिन्याने त्याच हॉलमध्ये तिचा स्वतःचा पहिला टॉक आहे. ती विचारते: टॉकना जाणं बंद करून तो वेळ स्वतःच्या कामाला दिला तर चालेल का? आणि खरं सांगा, हे शुद्ध गणित माझ्यासारखीसाठी नाहीच का? खाली सही: ‘मागच्या बाकावरची’.

प्रिय ‘मागच्या बाकावरची’,

तू गणपती काढतेस, मी कैऱ्या काढायचे. रांगोळीतल्या, देठासकट. माझ्या पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांच्या वह्या अजून माळ्यावर आहेत. सेमिनारच्या पानांवर वर तारीख, स्पीकरचं नाव, मग चार ओळी गणित आणि खाली कैऱ्याच कैऱ्या. त्यामुळे तुझं पत्र मला परकं वाटलं नाही.

तुझ्या पत्रात एक वाक्य तीनदा आलंय: "बाकी सगळ्यांना कळतं." हे तुला कुणी सांगितलं? त्यांच्या मानांनी. आमच्याकडे एक सीनियर होता, दुसऱ्या रांगेत बसायचा. गाण्याच्या बैठकीत समेवर डोलवतात तशी बरोबर जागेवर मान डोलवायचा. एकदा टॉकनंतर चहाच्या टेबलापाशी मी धीर करून त्याला विचारलं, "तो दुसरा लेमा कुठून आला रे?" (लेमा म्हणजे मोठ्या प्रमेयाकडे नेणारं छोटं प्रमेय.) त्याने पार्ले-जी चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं. चमच्याने तो गाळ काढत तो म्हणाला, "कुठला लेमा? पहिला फळा पुसला तेव्हाच मी उतरलो गाडीतून." मला इतका राग आला होता! दोन वर्षं मी त्या मानेवर विश्वास ठेवून स्वतःला ढ समजत होते.

गणितवाल्यांची एक जुनी थट्टा आहे. तासाभराच्या टॉकचा पहिला भाग सगळ्यांसाठी, दुसरा त्या विषयातल्या जाणकारांसाठी आणि तिसरा फक्त बोलणाऱ्यासाठी. कुणी त्यात भर घालतं की शेवटची पाच मिनिटं बोलणाऱ्यालाही कळत नसतात. तू दहाव्या मिनिटाला सुटतेस. थट्टेच्या हिशेबाने वीस मिनिटं तरी टिकायला हवं होतं. उरलेल्या दहा मिनिटांत दोष तुझा किती आणि बोलणाऱ्याचा किती, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण पाहुण्याने पहिल्या मिनिटाला ‘स्मूथ प्रोजेक्टिव्ह व्हरायटी’ म्हणून फळ्यावर एक्स लिहिला आणि तासभरात एकही उदाहरण दिलं नाही, तर तो टॉक वाईट होता. असे टॉक पुष्कळ होतात. बाहेर पडताना "नाइस टॉक" म्हणायची रीत आहे, म्हणून ते कळत नाही इतकंच.

मुळात हॉलमध्ये बसून सिद्धता कळायला हवी, ही अपेक्षा आपण वर्गातून घेऊन येतो. वर्गात परीक्षा असते, सरांनी फळ्यावर लिहिलेली प्रत्येक ओळ आपली असायला हवी. सेमिनारचं तसं नसतं. २३ जून १९९३ ला केंब्रिजच्या न्यूटन इन्स्टिट्यूटमध्ये अँड्र्यू वाइल्सने आपल्या तीन व्याख्यानांतलं शेवटचं दिलं आणि फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता जाहीर केली. समोर त्या विषयातली जगातली मातब्बर मंडळी होती. टाळ्या झाल्या, फोटो निघाले, दुसऱ्या दिवशी पेपरात बातम्या. आणि त्या सिद्धतेत एक भोक होतं. हॉलमधल्या कुणालाही ते दिसलं नाही. पुढे हस्तलिखित तपासायला घेतल्यावर, टेबलाशी बसून ओळ न् ओळ वाचताना ते सापडलं. ते बुजवायला वाइल्सला आपल्या जुन्या विद्यार्थ्याची, रिचर्ड टेलरची, मदत घ्यावी लागली. सप्टेंबर १९९४ मध्ये ते जमलं आणि १९९५ ला सगळं छापून आलं. टाळ्या वाजवणारे कच्चे होते असं कोण म्हणेल? सिद्धता तपासली जाते ती टेबलावर, पेन्सिल हातात घेऊन. हॉलमध्ये तपासली जात नाही, जाऊ शकतच नाही.

मग जायचं कशाला? तुझ्या गावच्या आठवडी बाजाराला तुम्ही जायचात ना, तसं. पिशवीत चार जिनसा येतात, पण कुठल्या मालाला उठाव आहे, कोण काय घेऊन बसलंय, यंदा काय महाग झालंय, हे फिरताफिरता कानावर पडतं. टॉकमधून लोक सध्या कुठल्या प्रश्नाच्या मागे आहेत हे कळतं. कुठला शब्द कुठल्या शब्दाच्या सोबतीने येतो हे कळतं. कुणाला काय येतं हे कळतं, म्हणजे पुढे अडलं तर कुणाचं दार वाजवायचं ते ठरतं. ‘लोकल कोहोमॉलॉजी’ हा शब्द मी पहिल्या वर्षात निदान दहा टॉकमध्ये ऐकला असेल, अर्थ शून्य. पण तिसऱ्या वर्षी पुस्तकातलं ते प्रकरण उघडलं तेव्हा अनोळखी माणसाच्या घरी गेल्यासारखं वाटलं नाही.

आता तुझा पहिला प्रश्न, जाणं बंद करू का? सगळंच बंद केलंस तर पहिला महिना छान जाईल. दुसऱ्या महिन्यात तू खोलीत एकटी पडशील, आणि तुझ्या विषयात काय चाललंय ते तुला फक्त गाइडच्या तोंडून कळेल. सगळ्या टॉकना बसणं हेही मला पटत नाही. आठवड्यात तीन तास, वर त्या तासांनंतरचा उदासपणा. तो उदासपणाच खरा महाग पडतो. कलोक्वियम चुकवू नकोस. ते साऱ्या विभागासाठी असतं, बोलणाऱ्यालाही सगळ्यांना समजेल असं बोलायची थोडी तरी लाज असते. तुझ्या विषयाचा सेमिनारही चुकवू नकोस. तिसरा, म्हणजे नंबर थिअरीचा किंवा पीडीईचा जो काय असेल तो, सारांश वाचून ठरव. आणि हे परस्पर करू नकोस. गाइडना जाऊन विचार, "सर, या महिन्यातल्या टॉकपैकी माझ्यासाठी दोन कुठले? आणि ते का?" ‘सगळ्यांना बस’ हा सल्ला देताना गाइडना बहुधा विचार करावा लागलेला नसतो. ‘दोनच सांगा’ म्हटलं की करावा लागतो.

जायचं ठरलं की आदल्या दिवशी टॉकचा सारांश वाच आणि त्यातले न कळणारे दोन शब्द शोधून काढ. दोनच. सहा शब्द शोधायला गेलीस तर रात्रभर विकिपीडियावर भटकशील आणि दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पेंगशील. स्टॅनफर्डचे रवी वकील आपल्या विद्यार्थ्यांना एक गृहपाठ सांगतात: टॉकमधून फक्त तीन गोष्टी घेऊन बाहेर पडा. एखादी व्याख्या, एखादं उदाहरण, एखादा प्रश्न, काहीही, पण पक्क्या तीन. मी हे माझ्या विद्यार्थ्यांवर बरीच वर्षं वापरलं. त्यातली गंमत अशी की तिसरी गोष्ट मिळवण्यासाठी माणूस शेवटपर्यंत जागा राहतो. गाडी सुटली तरी पुढच्या स्टेशनावर पुन्हा चढता येतं, कारण बोलणारा मधूनमधून नवी व्याख्या किंवा नवं उदाहरण सुरू करतोच. तिथे कान टवकारायचे. मधलं गेलं ते गेलं.

आता ते प्रश्न विचारणारे लोक. प्रत्येक विभागात एक ज्येष्ठ सर असतात, जे टॉकभर डोळे मिटून असतात आणि शेवटी डोळे उघडून नेमका मर्मावर बोट ठेवणारा प्रश्न विचारतात. मला ती सिद्धी वाटायची. मग वर्षभर मी त्यांचे प्रश्न लिहून काढले आणि बघते तर काय, सगळे मिळून चार-पाचच! सगळ्यात लहान उदाहरण कुठलं? ही अट काढून टाकली तर काय मोडतं? उलट विधान खरं आहे का? कॅरेक्टरिस्टिक पी मध्ये (जिथे पी वेळा एक मिळवला की शून्य येतं) काय होतं? हे प्रश्न जवळजवळ कुठल्याही टॉकला चालतात. आणि ते खोटे नाहीत. उत्तर खरोखर ऐकण्यासारखं असतं. मॉस्कोत इस्राएल गेलफंड यांचा सेमिनार १९४३ पासून कैक दशकं चालला, सोमवारी संध्याकाळी. ते बोलणाऱ्याला वाटेल तिथे थांबवत, सोपं उदाहरण मागत, आणि श्रोत्यांतल्या एखाद्या कोवळ्या पोराला उठवून विचारत, तुला कळलं का, मग सांग बरं. त्या पोराला कळलं नसेल, तर बोलणाऱ्याने पुन्हा सांगायचं. त्यांची पद्धत कित्येकांना बोचरी वाटायची आणि मी काही तिची आरती करणार नाही, पण त्या सेमिनारात मागच्या बाकावरच्याचं ‘नाही कळलं’ हे कामाचं होतं, एवढं खरं.

इंग्रजीचं म्हणशील तर प्रश्न आधी वहीत लिहून काढ, अख्खा. "कॅन यू गिव्ह ॲन एक्झाम्पल?" पाच शब्द आहेत, यात व्याकरण चुकायला जागाच नाही. तेही तोंडातून निघत नसेल तर चहाच्या वेळी बोलणाऱ्याला एकट्याला गाठ. बाहेरून आलेला पाहुणा बहुतेक वेळा कप हातात घेऊन नोटीस बोर्ड वाचत उभा असतो, आपल्याशी कुणी बोलेल का याची वाट बघत. आणि खोलीवर आल्यावर त्या तीन गोष्टी कुणाला तरी मराठीत सांग, रूममेटला, नाहीतर फोनवर बहिणीला. मराठीत सांगता आलं नाही तर समज की अडचण गणिताची होती, इंग्रजीची नव्हती. सांगता आलं तर इंग्रजी जुळून येईल.

एक गोष्ट मात्र कठोरपणे सांगते. परक्या विषयाच्या टॉकमध्ये सुटणं ठीक. पण तुझ्याच विषयाच्या सेमिनारात, दुसरं वर्ष संपत आलं तरी पहिल्या पंधरा मिनिटांतलं काहीच ओळखीचं वाटत नसेल, तर पाया कुठेतरी कच्चा राहिलाय आणि तो भरून काढावा लागेल. त्यात लाज कसली? जिल्ह्याच्या कॉलेजात गॅल्वा थिअरी दोन आठवड्यांत ‘पोर्शन संपवायला’ उरकतात, त्याला तू काय करणार! नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्सतर्फे देशभर ‘अ‍ॅडव्हान्स्ड ट्रेनिंग इन मॅथेमॅटिक्स’ची शिबिरं होतात, सगळे त्यांना एटीएम स्कूल म्हणतात. पीएचडीच्या सुरुवातीच्या मुलांसाठीच ती काढलेली आहेत, आणि तिथे दुपारभर गणितं सोडवून घेतात, नुसती व्याख्यानं नसतात. गाइडना सांगून अर्ज कर. त्याशिवाय विभागातले तिघे-चौघे जमवून आठवड्यातून एकदा रिकाम्या वर्गात बसा. एक पुस्तक, एक खडू, पाळीपाळीने फळ्यावर. सर लोकांना बोलवायचं नाही. मला जे काही आलं त्यातलं अर्धं अशा एका खोलीत आलं, जिथला पंखा कटकट आवाज करायचा आणि ‘थांब, हे कसं?’ म्हणायला कुणालाच काही वाटायचं नाही.

आता तुझा टॉक. तू लिहिलंयस की पहिली वीस मिनिटं व्याख्या देणार आहेस, "म्हणजे सगळ्यांना बरोबर घेता येईल." अगं, हेच तर तुझ्या पाहुण्यांनी तुझ्याशी केलं! माझ्या पहिल्या टॉकला मी चार फळे व्याख्यांनी भरले होते. मुख्य प्रमेयाला पोचले तेव्हा घड्याळात तीन मिनिटं उरली होती आणि समोर दोन माणसं जागी होती, त्यातला एक माझा गाइड.

तू प्रायमरी डिकम्पोझिशनवर, म्हणजे आयडियलच्या फोडीवर, बोलणार आहेस ना? मग सुरुवात दोन चलांच्या बहुपदींपासून कर, आपल्या शाळेतल्या क्ष आणि य पासून. (दोन्ही जोडून लिहू नकोस, ‘क्षय’ होतो. मधे टिंब दे.) क्ष² आणि क्ष·य या दोघांनी तयार होणारं आयडियल घे, म्हणजे या दोघांना कुठल्याही बहुपदींनी गुणून आणि बेरजा करून जे जे मिळतं ते सगळं. हे दोन्ही कुठे शून्य होतात? क्ष शून्य असेल तिथे, म्हणजे य-अक्षावर. चित्रात नुसती एक उभी रेघ. पण क्ष हा स्वतः या आयडियलमध्ये नाही. त्याला क्ष ने गुणलं की आत जातो, य ने गुणलं की आत जातो, एकटा मात्र बाहेर. म्हणजे हे आयडियल नुसत्या रेघेपेक्षा काहीतरी जास्त लक्षात ठेवून आहे. ते जास्तीचं सगळं मूळबिंदूपाशी आहे, रेघेवर माशी बसावी तसं. मग फळ्यावर लिही की हे आयडियल म्हणजे (क्ष) आणि (क्ष², य) या आयडियलांचा छेद, दोन्हींतला सामाईक भाग. त्याच्या खाली लिही की हेच आयडियल म्हणजे (क्ष) आणि (क्ष², क्ष·य, य²) यांचाही छेद. रेघ दोन्हीकडे तीच, माशी वेगवेगळी! आणि इथे थांब. पाणी पी. मागच्या बाकावर बसलेल्यालाही आता प्रश्न पडलेला असेल की मग या फोडीत एकमेव असं काय असतं. तो प्रश्न पडला की प्रमेय सांग. व्याख्या लागतील तशा मागाहून येऊ देत.

वाटलं तर एक वाक्य इतिहासाचं टाक: बहुपदींच्या आयडियलची अशी फोड नेहमी होते, हे १९०५ मध्ये इमान्युएल लास्करने दाखवलं, जो तेव्हा बुद्धिबळाचा जगज्जेता होता, आणि १९२१ मध्ये एमी नोदरने ते कितीतरी मोठ्या पटावर नेलं. त्याच १९२१ मध्ये लास्करचं जगज्जेतेपद कापाब्लांकाकडे गेलं. याचा गणिताशी काडीचा संबंध नाही, पण लोक जागे होतात.

वेळ पाळ. जॉन फोन नॉयमन हे गणिती म्हणे व्याख्यानाच्या वेळेला ‘मायक्रोसेंच्युरी’ म्हणत, शतकाचा दहा लाखावा भाग. हिशेब कर, सुमारे साडेबावन्न मिनिटं येतात. तू पंचेचाळिसाव्यालाच थांब. लवकर संपलेल्या टॉकबद्दल कुणी तक्रार केल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.

पहिल्या रांगेतल्या सरांबद्दल. त्यांनी तोडलं आणि प्रश्न गणिताचा असेल, तर आवाज कितीही करडा असू दे, प्रश्नाकडे बघ. उत्तर येत नसेल तर "आत्ता माहीत नाही, बघून सांगते" हे पूर्ण उत्तर आहे. वहीत तो प्रश्न सगळ्यांसमोर लिहून घे आणि आठवड्याने खरोखर जाऊन सांग. बहुतेक करडे लोक तिथे विरघळतात. पण ते गणित सोडून तुझ्या कॉलेजवर, बोलण्यावर, गावावर घसरले, तर ते प्रश्न विचारणं नव्हे. त्यासाठी आत्ताच, टॉकच्या आधी, गाइडशी बोलून ठेव आणि सांग की तसं झालं तर सेमिनार चालवणाऱ्यांनी मध्ये पडावं. हे त्यांचं काम आहे. एकटीने सोसून दाखवण्यात मर्दुमकी नाही.

तुझा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला. पत्राच्या चौथ्या पानावर, कंसात, तू लिहिलंयस की गेल्या महिन्यात एक छोटा लेमा तुझा तू सिद्ध केलास, रात्री दोनला झाला, आणि आनंदाने तू मेसच्या बंद दारापर्यंत चालत गेलीस. साडेचार पानांच्या पत्रात त्याला कंसातली एक ओळ, आणि न कळलेल्या टॉकना तीन पानं! शुद्ध गणित तुझ्यासाठी आहे की नाही हे मला ठरवायचं असतं, तर मी त्या कंसाबद्दल तुला आणखी विचारलं असतं. पुढच्या पत्रात तो लेमा लिहून पाठव. मला वाचायचाय.

आणि टॉकच्या दिवशी दहा मिनिटं आधी जा. फळा स्वतः पूस, ओल्या फडक्याने, मग कोरड्या. डाव्या वरच्या कोपऱ्यात ते क्ष² आणि क्ष·य लिही, शेजारी रेघ काढ आणि मूळबिंदूवर एक ठळक ठिपका दे. बाकीचा फळा कितीही वेळा पुसलास तरी तो कोपरा शेवटपर्यंत पुसू नकोस. ज्याची गाडी सुटेल, त्याला पुन्हा चढायला तेवढी जागा राहू दे.